पाण्यात रचलेली भिंत

दगड काचेवर आदळला आणि आमच्या घरात तीन माणसं एकदम ओरडली. मी ओरडले, "गेली!" माझे यजमान ओरडले, "बाजूला हो!" आणि आतल्या खोलीत खाटेवर पडलेले आबा, म्हणजे माझे वडील, ओरडले, "काय पडलं गं?"

"भित पडली, आबा."

"कुठली? परड्यातली?"

"न्हाई. टाकीतली."

पाण्याच्या टाकीत भिंत कशाला असते, याचा आबा आत पडून विचार करत असणार. इकडे आम्ही दोघं टाकीपुढे गुडघे टेकून काचेवरून बोटं फिरवत होतो. काच फुटली नव्हती. नखाएवढा ओरखडा तेवढा उठला होता. पण दोन संध्याकाळ खपून रचलेली दगडांची भिंत मात्र पाण्यात आडवी झाली होती आणि वरची माती चहासारखी सगळीकडे पसरत चालली होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. सांगलीत दोन खोल्यांचं आमचं भाड्याचं घर होतं. मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. यजमान एस.टी.त कंडक्टर. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तीन फूट लांबीची एक काचेची टाकी कित्येक वर्षं उलटी पडलेली. एका सांध्यातून गळायची म्हणून कुणी वापरत नव्हतं. भंगारात काढायची वेळ आली तेव्हा मी ती मागून घेतली. यजमानांनी काचवाल्याकडून सिलिकॉनची नळी आणून सांधा बुजवला, दोन दिवस पाणी भरून ठेवलं. थेंबसुद्धा गळला नाही.

लोक अशा टाकीत रंगीत खडे घालतात, प्लास्टिकची झाडं लावतात, तोंड उघडझाप करणारा शिंपला ठेवतात. मला ते नको होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मत्स्यपालनावरचं एक परदेशी चित्रांचं पुस्तक होतं. त्यात एका टाकीच्या मागच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या दगडांची भिंत रचलेली होती आणि तिच्या फटीफटींतून हिरवी झाडं बाहेर आलेली होती. सगळं पाण्याखाली. घाटातला ओला कडाच कुणीतरी उचलून काचेत ठेवल्यासारखा. ते पान मी इतक्या वेळा उघडलं की पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथंच उघडायचं.

म्हणून कृष्णेच्या काठावरून आम्ही दोन पिशव्या दगड आणले. गुळगुळीत, गोल, दिसायला देखणे. एकावर एक रचले, मागे माती भरली, पाणी सोडलं. मी पहिलं रोप फटीत खोचायला बोट घातलं आणि हे असं झालं.

आबा भिंतीला धरून बाहेर आले. मिरजेला त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडाच झाला होता. त्या डोळ्यावर हिरवं फडकं होतं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे उजेड आणि सावली एवढंच कळायचं. जाड भिंगाचा चष्मा मिळायला अजून महिना लागणार होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आटपाडीकडच्या आमच्या गावी पहाटेपासून रानात असणारा माणूस सांगलीच्या दोन खोल्यांत बसून अगदी कावून गेला होता.

"दगूड दे बघू एक," ते खुर्चीवर बसत म्हणाले.

मी ओला दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत फिरवला, अंगठ्यानं चाचपला आणि मला परत दिला.

"ह्यो दगूड न्हवं. गोटा हाय. गोटा निसटतो, दगूड बसतो. दोन दिस गोट्यावर गोटा रचत हुता व्हय तुमी?"

यजमान हसायला लागले. मी मात्र हसले नाही. कारण हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आबांनी उभी हयात ताली घातल्या होत्या. आमच्याकडे उताराच्या रानात माती वाहून जाऊ नये म्हणून दगडांचे आडवे बांध घालतात, त्याला ताल म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. वडिलोपार्जित मेंढरं कमी होत गेली तसे आबा लोकांच्या रानात ताली घालायला जाऊ लागले आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताला नाव मिळालं. असा माणूस पलीकडच्या खोलीत पडून असताना मी पुस्तकातलं चित्र बघून भिंत रचत होते!

"आबा, तुमी सांगा की. मी लावते."

"तू?"

"मग कोण? तुमाला वाकायचं न्हाई."

ताल घालायच्या कामावर बायका दगड वाहून आणायच्या, पाणी आणून द्यायच्या. दगड बसवायला कुणी बाई बसलेली आबांनी पाहिली नव्हती, मीही नाही. माझ्या दोन्ही भावांना त्यांनी ते काम शिकवायचा प्रयत्न केला होता. एकाला जमलं नाही, दुसऱ्याला आवडलं नाही. मला कधी विचारायची वेळच आली नव्हती.

"आदी दगूड तर आणा," शेवटी ते म्हणाले. "कोपरं असल्यालं. आन् ह्या गोट्यास्नी परत नदीत टाका."

यजमानांची त्या महिन्यात महाबळेश्वरची मुक्कामी ड्यूटी होती. संध्याकाळी गाडी वर जायची, रात्री तिथं थांबायची, सकाळी परत. पाचगणीच्या अलीकडे घाटात एका झऱ्यापाशी ड्रायव्हर जाता-येता गाडीच्या इंजिनात पाणी घालायला थांबायचा. तेवढ्या पाच मिनिटांत यजमान उतरून कड्याखाली पडलेले काळे दगड वेचायचे. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "कंडक्टर, दगडाचं तिकीट फाडलं का?" तिसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर खाली उतरून, "ह्यो बघा, ह्यो झ्याक हाय," म्हणत दगड निवडायला लागला. परतीच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतःच्या पिशवीतल्या स्ट्रॉबेरी ओच्यात घेऊन ती पिशवी दगडांसाठी दिली म्हणे. हे यजमानांनी मला घरी येऊन सांगितलं, आणि त्यात थोडा मीठमसाला असेलही. पण पिशवी खरीच होती आणि तिला स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

दगड आले की मी ते थोडे थोडे कॉलेजात नेत होते. काही दगडांना पांढऱ्या रेघा होत्या. दगडात चुना असला तर तो पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं आणि मग नाजूक झाडं टिकत नाहीत. प्रयोगशाळेत मी प्रत्येक दगडावर पातळ ॲसिडचा थेंब टाकायचे. फसफसला की बाद. पहिल्या खेपेतले जवळजवळ निम्मे बाद झाले. यजमानांचा चेहरा उतरला. आबा म्हणाले, "दगडाला बी औषिद लावून बघतीया. माज्या डोळ्याला बी येवढं तपासलं न्हाई डाक्टरनं!"

मग रविवार उजाडला. मी आयुष्यात इतक्या उतावीळपणे कुठल्या रविवारची वाट पाहिली नसेल. स्वयंपाक सकाळी आठालाच उरकला. टाकी रिकामी करून पुसली. तळाला थर्मोकोलचा तुकडा घातला, म्हणजे दगडांचं ओझं थेट काचेवर येणार नाही. जमिनीवर पोतं पसरून त्यावर दगड मांडले. आबा खुर्चीवर, पाठ सरळ, हात गुडघ्यावर. एकेक दगड मी त्यांच्या हातात द्यायचा, त्यांनी चाचपून त्याचं तोंड कुठलं, बूड कुठलं ते सांगायचं आणि मी बसवायचा.

"हे तोंड. हे म्होरं. आन् शेपूट मागं, मातीत."

"दगडाला शेपूट असतं?"

"मग? लांब शेपटाचा दगूड मागं रुतून बसतो. तोच भित धरतो. आखूड दगूड नुसता तोंड दावायला."

बुडाला सगळ्यात मोठे दगड. दुसरा थर लावताना मी दोन दगडांच्या बरोबर सांध्यावर पुढचा सांधा आणला. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनी टाकीच्या काठावरून हात आत घालून बोटं फिरवली आणि म्हणाले, "सांद्यावर सांदा आला. काड."

मी काढला. सरळ उभी भिंत नेत होते, तर म्हणाले, "ताठ हुबी करू नगं. जरा मागं रेलू दे." दगड डुगडुगला म्हणून मी समोरून बारीक कपची ठोसली, तर ओरडले, "म्होरनं न्हाई! म्होरनं घातल्याली कपची आज ना उद्या गळून पडती. मागनं घाल." त्यांना हे कसं कळलं, देव जाणे. दगडाच्या आवाजावरून कळत असावं.

वाद फक्त एका गोष्टीवरून झाला. मला भिंतीत फटी हव्या होत्या, झाडांसाठी. आबांना फट म्हणजे हलगर्जीपणा वाटायचा.

"भितीत भोकं ठिवायची? लोकं हसतील!"

"आबा, लोकं कुठली? मासं बघणार हायत."

"मासं बी हसतील."

मी त्यांना समजावून सांगितलं. कोयनानगरच्या बाजूच्या ओढ्यांत पिळदार पानांचं एक झाड दगडांच्या फटीतच उगवतं. आमच्या सरांनी सहलीहून आणलेली त्याची रोपं प्रयोगशाळेत कुंडीत वाढत होती आणि त्यातली सहा त्यांनी मला दिली होती. त्याची मुळं मागच्या मातीत जायला हवीत आणि पानं पुढे पाण्यात यायला हवीत. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हंजी ताल जशी पाणी सोडती आन् माती धरती, तसं?"

"तसंच!"

"मग सरळ फट नगं. आत खाली उतरल्याली ठेव. तोंड वर, बूड खाली. मंग माती भाईर यायाची न्हाई."

मी तसा दगड शोधून बसवला. मागून मूठभर माती दाबली, पुढून बोटानं चाचपलं. मातीचा कणही बाहेर येत नव्हता! मी इतकी मोठ्यानं हसले की यजमान चहाचं आधण तसंच टाकून बघायला आले. त्यानंतर आबांना दम निघेना. प्रत्येक दगडाला विचारायचे, "आता कशी दिसती? किती वर आली?" मी सांगायचे, "इतभर झाली. डावीकडं जरा पोट आलंय." "पोट आलंय? दाब. न्हाई तर काड, परत लाव." जेवायला दुपारचे तीन वाजले. हात खरचटलेले, नखांत माती, कमरेचा काटा ढिला झालेला, आणि मला जेवणापेक्षा पुढचा दगड दिसत होता.

दिवेलागणीच्या आत शेवटचा थर बसला. यजमान म्हणाले, "मामा, हलवून बघू का?"

"हलवा की."

त्यांनी वरच्या दगडाला हात लावून जोर दिला. हलला नाही. खालचा, कोपऱ्यातला, मधला, एकही हलला नाही. आबा आवाजाची वाट बघत मान तिरकी करून बसले होते. आवाज आलाच नाही तसे ते हळूच मांडीवर थाप मारून म्हणाले, "बसली."

पुढच्या खेपेला यजमानांनी जेवणाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून शेवाळं आणलं. झऱ्याच्या वाहत्या पाण्याखालीच दगडाला चिकटून वाढणारं, मखमलीसारखं. डब्यात भाजी-भाकरी असेल म्हणून वाटेत ड्रायव्हरनं झाकण उघडलं आणि म्हणाला, "वैनींनी आज पालेभाजी कच्चीच दिली का?" ते शेवाळं मी बारीक दोऱ्यानं दगडांवर बांधलं. सहा रोपं फटींत बसवली. पुढे धुतलेली वाळू पसरली, तिच्यात कॉलेजच्या हौदातलं लांब पट्टीसारखं गवत लावलं. मग वाळूवर ताटली ठेवून त्या ताटलीवर तांब्यातांब्यानं पाणी सोडलं, म्हणजे धार थेट मातीवर पडणार नाही. आबा एकेक तांब्या मोजत होते आणि भिंत पडल्याचा आवाज येतोय का ते ऐकत होते.

भिंत जागची हलली नाही. पण पाणी मात्र गढूळ झालं. काच म्हणजे नुसता तांबूस पडदा. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला रडू यायला लागलं.

"गाळ बसू दे," आबा म्हणाले. "पाण्याला हात लावू नगंस. त्यो हवंचा पंप बी बंद ठेव."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आले आणि तशीच उभी राहिले. पाणी निवळलं होतं. काळी भिंत मागे रेललेली, तिच्या अंगावर हिरवी लव आणि सहा ठिकाणांहून पिळदार पानं वर डोकावणारी. पुस्तकातल्या चित्रापेक्षा वेगळी होती. हिच्यात फटी कमी होत्या, दगड रांगडे होते. मला ती जास्त आवडली. तोंडात फेस असताना मी, "आबा! आवं आबा!" म्हणून हाका मारल्या. ते आले, काचेला हात टेकला आणि म्हणाले, "मला काय दिसतंय? तू सांग."

मी सांगितलं. डावीकडून उजवीकडे, थराथरानं. मधेच थांबले तर म्हणायचे, "मंग? त्याच्या वर?"

महिन्यानं मिरजेहून जाड भिंगाचा चष्मा आला. तोवर पाण्यात गप्पी मासे सोडले होते. नगरपालिकेचे लोक डास खाण्यासाठी हौदांत सोडतात ते. रिक्षातून उतरल्यावर आबांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, सरळ टाकीपुढे जाऊन उभे राहिले. चष्म्यात त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, कौतुक करतील. दोन मिनिटं त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"उजवीकडं, वरनं तिसरा," ते म्हणाले. "उलटा बसवलास."

"आबा, मासं बघा की! झाडं बघा!"

"मासं बघतो की. पर त्यो दगूड उलटा हाय. माजं चाचपायचं ऱ्हायलं असंल."

दोन दिवस ते त्या दगडाशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. चहा पिताना बघायचे, जेवताना बघायचे. तिसऱ्या दिवशी यजमान मला म्हणाले, "अगं, काढ बाई तो दगड, नाहीतर म्हातारा गावी जायचा नाही." मलाही तोवर तो दगड सलायला लागला होता. एकदा दाखवल्यावर दुसरं काही दिसेना. निम्मं पाणी नळीनं काढलं, वरचे तीन दगड उतरवले. आबा बाजूला उभे होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती तरी. मी दगड फिरवला, शेपूट मागे गेलं, तोंड पुढे आलं आणि तो खालच्या दोघांत कट्कन बसला. तो आवाज मी स्वतःच्या कानांनी ओळखला. न बघता कळलं की बसला.

"आता तुला सांगाया नगं," आबा म्हणाले. एवढंच. पण गावी परत गेल्यावर त्यांनी माझ्या भावांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. म्हणाले होते, "ताल घालायला घरात एकजण तयार झालंय. तुमच्यातलं न्हाई."

आबा गावी गेल्यानंतर दोनच आठवड्यांत सकाळी खाणं टाकताना मला भिंतीच्या एका फटीतून टाचणीच्या डोक्याएवढे दोन काळे ठिपके बाहेर येताना दिसले. मग आणखी चार. पिल्लं! मोठे मासे खाऊन टाकतात म्हणून ती शेवाळात, दगडांच्या आत लपून वाढली होती. यजमान ड्यूटीवर निघाले होते, खाकी शर्टाची बटणं अर्धी लावलेली. त्यांना मी हात धरून ओढून आणलं. आम्ही दोघं काचेला नाक लावून मोजत बसलो आणि त्यांची गाडी चुकता चुकता राहिली.

पुढे यजमानांची साताऱ्याला बदली झाली आणि मलाही तिथल्या एका शाळेत काम मिळालं. टाकी रिकामी करायची वेळ आली तेव्हा ती भिंत काढताना आम्हाला घाम फुटला. वरून एकेक उतरवल्याशिवाय एकही दगड सुटेना. मुळांनी आणि शेवाळानं त्यांना एकमेकांत गुंतवून टाकलं होतं. पोत्यात भरून ते दगड साताऱ्याला नेले. तिथं नव्या घरात पहिल्याच रविवारी, यजमान ड्यूटीवर असताना, मी जमिनीवर बसले आणि सकाळपासून दगड हातात घेऊन फिरवत, तोंड बघत, एकटीनं लावत गेले. दुपारी ते घरी आले तेव्हा शेवटचा थर बसत होता. त्यांनी काही न विचारता चपला काढल्या, बादली भरली आणि तांब्या हातात घेतला.